भूमिगत लढ्यात कालप्रवासी: परक्यांनी बळकावलेल्या ग्रहाची विज्ञानकथा कशी उभी करावी

कालप्रवासी, परक्यांनी बळकावलेला ग्रह आणि त्यावरची भूमिगत चळवळ, ही तिन्ही सूत्रं एका कथेत गुंफावीत असं अनेक लिहिणाऱ्यांना वाटतं. पण बहुतेक मसुदे एकाच जागी अडखळतात. प्रवासी भविष्यातून शस्त्र घेऊन येतो, दोन-चार स्फोट होतात, परके पळून जातात. ज्यांचा तो ग्रह आहे ती माणसं मात्र कडेला उभी राहून बघत असतात. असा लढा वाचकाला भिडत नाही.

यातून बाहेर पडायची वाट या विषयातच आहे. भूमिगत चळवळ टिकते, कारण तिच्यातल्या प्रत्येकाला फार थोडं माहीत असतं. पकडला गेलेला कार्यकर्ता कितीही मार खाल्ला तरी जे त्याला ठाऊकच नाही ते सांगू शकत नाही. कालप्रवाशाला मात्र नको तेवढं ठाऊक असतं. म्हणून चळवळीच्या दृष्टीने तो मदत ठरण्याआधी धोका असतो. ही ओढाताण कथेचा कणा धरा आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर घासून बघा.

पायरी १: काळाचा कायदा आधी ठरवा

लिहायला बसण्यापूर्वी अर्ध्या पानावर नियम लिहून काढा: या कथेत काळातून कोण, कुठे आणि कशाच्या बदल्यात जाऊ शकतं.

भविष्यात जाणं भौतिकशास्त्राला पूर्ण मान्य आहे. आइनस्टाइनच्या १९०५ च्या सिद्धान्तानुसार वेगाने जाणाऱ्याचं घड्याळ मंद चालतं. वेग आणि गुरुत्व या दोहोंच्या परिणामामुळे जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि तेवढी दुरुस्ती रोज धरावीच लागते. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात वेळ जवळजवळ सातपट मंद होते. ४० प्रकाशवर्षांवर जाऊन परत यायला बाहेरच्या जगाची साधारण ८१ वर्षं जातात, यानातल्या माणसांची साडेअकराच्या आत. वेग वाढवण्या-कमी करण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो आपल्या कथेप्रमाणे मिळवा.

भूतकाळात जाणं कठीण. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये वर्महोलपासून, म्हणजे अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणाऱ्या काल्पनिक बोगद्यापासून, कालयंत्र कसं होऊ शकेल याची मांडणी केली. तिच्यातली एक अट कथाकाराला सोन्यासारखी आहे: यंत्र जेव्हा तयार झालं त्याच्या आधीच्या काळात त्यातून जाता येत नाही. म्हणजे त्या वर्महोलचं तोंड ही पहाऱ्यात ठेवण्याची, बळकावण्याची जागा होते, आणि लढ्याला आपोआप एक भूगोल मिळतो.

भूतकाळात गेल्यावर तो बदलतो का, हेही ठरवा. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव यांच्या विचारानुसार काळाची रेघ एकच असते, आणि प्रवाशाने जे केलं ते आधीपासूनच इतिहासात असतं. दुसऱ्या कल्पनेत प्रत्येक ढवळाढवळीतून नवी फांदी फुटते. प्रतिकाराच्या कथेला फांद्या घातक आहेत असं माझं मत आहे. एक फांदी स्वतंत्र झाली तरी मूळ ग्रह गुलामच राहतो, आणि प्रवासी त्याला सोडून आलेला असतो. त्या सोडून येण्याबद्दलच लिहायचं असेल तर जरूर लिहा. एरवी एकच रेघ बरी.

पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना मी आग्रहाने सांगेन की वेगाने भविष्यात जाण्याचा पहिला मार्ग घ्या. प्रवासी भविष्यातून येण्याऐवजी भूतकाळातून येऊ द्या. ताबा बसण्याआधी ग्रहावरून निघालेलं यान ८१ वर्षांनी परत येतं आणि आतली माणसं साडेअकरा वर्षांनीच म्हातारी झालेली असतात. घडून गेलेलं बदललं तर काय, हे विरोधाभासाचं कोडं उरत नाही. शिवाय त्यांच्याजवळ असं काही असतं जे ग्रहावर जवळजवळ कोणाकडेच उरलेलं नाही: स्वतंत्र असतानाची, मोठ्या वयात जगलेली आठवण. जमिनी कोणाच्या नावावर होत्या, वाद कुठे मिटत, मुलांना शाळेत काय शिकवत, हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं.

पायरी २: ग्रह आणि त्याचं घड्याळ

इथे घाई करू नका. ग्रह नुसता पडद्यासारखा मागे टांगला तर चळवळ कुठेही चालली असती असं वाटतं.

एक खरा ग्रह नमुना म्हणून घेऊ. ट्रॅपिस्ट-१ हा सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा लहान, मंद, लालसर तारा. त्याच्याभोवती सात खडकाळ ग्रह असल्याचं २०१७ मध्ये जाहीर झालं. त्यातला ई हा ग्रह आकाराने पृथ्वीपेक्षा थोडा लहान, आणि त्याचं वर्ष अवघ्या ६.१ दिवसांचं. त्यावर हवा आहे की नाही यावर संशोधन चालू आहे. कथेपुरती ती आहे असं धरू, आणि काही पिढ्यांपूर्वी माणसं तिथे वसली असंही धरू.

ताऱ्याच्या इतक्या जवळ असल्यामुळे या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असण्याची शक्यता मोठी आहे. एका बाजूला अखंड उजेड, दुसऱ्या बाजूला अखंड अंधार, आणि मधल्या पट्ट्यात तारा क्षितिजावर कायमचा टेकलेला. वस्ती या पट्ट्यात ठेवा.

आता भूमिगत कार्यकर्त्याच्या नजरेने बघा. इथे रात्रच होत नाही. निरोप पोचवणं, भिंतीवर पत्रक लावणं, रूळ उखडणं, जगभरच्या चळवळींनी जे जे काळोखात केलं त्याला इथे काळोखच मिळत नाही. मग झोपायचं कधी हे कोण ठरवणार? ताबा घेणारे ठरवतील. त्यांचा भोंगा वाजला की दारं बंद, पुन्हा वाजला की कामाला. त्यांना हवं तेव्हा ते 'रात्र' तासाभराने आखूड करू शकतात, आणि कोणाकडे स्वतःचं घड्याळ नसेल तर ही चोरी सिद्धही करता येत नाही. परकी सत्ता लोकांच्या दिवसावरच बसलेली आहे, हे इतकं ठोस दाखवता आलं तर अत्याचाराची वेगळी वर्णनं फारशी लागत नाहीत.

चळवळीने यावर काय करावं? आकाशाचं घड्याळ वापरावं. आतल्या कक्षेतला डी हा ग्रह दर १२ दिवसांनी ताऱ्यासमोरून जातो. ई ग्रहावरून तारा आपल्या सूर्याच्या चौपट रुंद दिसेल, आणि त्यावरून डी ग्रहाचा काळा ठिपका सरकेल, रुंदीने ताऱ्याच्या चौथ्या हिश्शाएवढा. हे सरकणं तासाभराच्या आत संपतं. बाहेरचा एफ हा ग्रह दर १८ दिवसांनी जवळ येतो आणि ताऱ्याच्या विरुद्ध क्षितिजावर आपल्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसतो. या ग्रहांच्या गती एकमेकींशी इतक्या जुळलेल्या आहेत की १२ आणि १८ यांचा मेळ दर ३६ दिवसांनी बसतो. भोंग्याला न जुमानणारं पंचांग तयार झालं. ठिपका ताऱ्यावर असेपर्यंत भेटायचं, तो उतरला की पांगायचं. मोठी बैठक ३६ दिवसांनी.

पायरी ३: परके आले कशासाठी, आणि त्यांचं काम कोण करतं

'पाण्यासाठी आले' हे कारण टाळा. बर्फ आणि पाणी विश्वात मुबलक आहे. आपल्याच सूर्यमालेत गुरूच्या युरोपा या चंद्राच्या कवचाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांपेक्षा जास्त पाणी असावं असा अंदाज आहे. तारे ओलांडून येऊ शकणाऱ्यांना वस्तीचा ग्रह लुटून पाणी न्यावं लागणार नाही. मोक्याची जागा, माणसांचे कष्ट किंवा वर्महोलचं तोंड, यांपैकी एक कारण पक्कं करा. कारण ठरलं की ताब्याचा दुबळा सांधाही सापडतो.

परके संख्येने थोडे ठेवा. परकं राज्य रोजच्या रोज चालवतात ती स्थानिक माणसं: शिपाई, कारकून, शिधावाटप करणारे, भोंगा वाजवणारे. आपल्या नमुन्यातला भोंगेवाला घ्या. घरी आजारी मुलगा आहे, औषध फक्त परक्यांच्या दवाखान्यात मिळतं, आणि वेळेवर भोंगा दिला तर महिन्याला दोन जादा शिधा-कुपनं. हा माणूस खलनायक नाही. कथेत सगळ्यात कठीण निर्णय त्याच्या वाट्याला येऊ द्या.

८१ वर्षांत तीन पिढ्या होतात. बहुतेकांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही. गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल १५१० ते १९६१, म्हणजे ४५१ वर्षं होता. एवढ्या काळात राज्य कायद्यात, घराच्या रचनेत, आडनावांत, ताटात मुरतं. तुमच्या ग्रहावर काय मुरलं आहे याची यादी करा. परक्यांचा एखादा सण लोक मनापासून साजरा करत असतील. भूतकाळातून आलेल्या प्रवाशाला ते पाहून धक्का बसेल, आणि तो धक्का बोलून दाखवला तर माणसं दुखावतील.

पायरी ४: चळवळ आधीपासून चालू असू द्या

प्रवासी आल्यावर चळवळ सुरू झाली तर ती त्याची होते. ती जुनी, थकलेली, मतभेदांनी फाटलेली आणि तरीही काम करत असलेली दाखवा.

हे कसं दिसतं यासाठी मराठी लेखकाने लांब जायची गरज नाही. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार चाललं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. कुंडल, वाळवा अशी केंद्रं होती, जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे तरुण होते, तुफान सेना हे स्वयंसेवकांचं दल होतं. १९४३ मध्ये शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली, १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना. या गोष्टी सगळ्यांना आठवतात. कथाकाराने मात्र बाकीचं बारकाईने वाचावं: गावोगावची न्यायदान मंडळं, दारूबंदी, गावगुंडांचा आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त, कमी खर्चात लागलेली गांधी पद्धतीची लग्नं. लोक इंग्रजांच्या कचेरीत जायचे थांबले, कारण न्याय गावातच मिळू लागला.

तुमच्या ग्रहावरच्या चळवळीनेही असं काहीतरी चालवलं पाहिजे. आपल्या नमुन्यात ती चोरून वेळ पाळते, आणि त्या वेळेवर शाळा भरवते, तंटे सोडवते, लग्नं लावते. तिच्यातल्या प्रत्येक पात्रासाठी तीन ओळी लिहा: तो कोणाला ओळखतो, कोणाला फक्त खुणेने ओळखतो, आणि पकडला गेला तर काय काय बुडेल. हा तक्ता कथेत दिसणार नाही, पण त्याशिवाय एकही प्रसंग नीट लिहून होणार नाही. जेवणाचाही विचार करा. भूमिगत माणसाला कोणीतरी भाकरी देतं, आणि शिधा मोजून मिळत असेल तर ती भाकरी कोणाच्या तरी ताटातून कमी झालेली असते.

पायरी ५: प्रवाशावर विश्वास बसायला वेळ लागू द्या

दुसऱ्या महायुद्धात लंडनहून हॉलंडमध्ये उतरवलेले हेर जर्मनांनी पकडले आणि त्यांच्याच वायरलेसवरून खोटे संदेश पाठवले. पकडलेल्या ऑपरेटरने ठरलेली सुरक्षेची खूण मुद्दाम गाळली होती. लंडनने तिकडे दुर्लक्ष केलं, आणि पन्नासच्या वर हेर थेट जर्मनांच्या हातात उतरत गेले. ज्या चळवळीने असं काही सोसलं आहे, ती आकाशातून आलेल्या माणसाला मिठी मारणार नाही.

दुसरी अडचण सवयींची. ताब्यातल्या फ्रान्समध्ये दूध रेशनवर होतं आणि कॉफी बिनदुधाचीच मिळे. तिथे कोणी 'काळी कॉफी' मागितली तर तो बाहेरचा हे लगेच कळे. आपल्या ग्रहावरची अशी जागा शोधा. माझ्या नमुन्यात ती अशी आहे: प्रवासी स्त्री दुकानात सहज विचारते, "किती वाजले?" दुकान गप्प होतं. भोंग्याच्या राज्यात वेळ कोणी विचारतच नाही, ती सांगितली जाते. दुकानदार काही न बोलता फळी ओढतो, आणि एक मुलगा मागच्या दाराने पळतो. तो चळवळीकडे गेला की परक्यांकडे, हे प्रवासी स्त्रीला कळत नाही. वाचकालाही इतक्यात कळू देऊ नका.

मग ओळख पटवायचा प्रसंग. यान निघालं तेव्हा प्रवासी स्त्री २२ वर्षांची होती, तिची धाकटी बहीण ८ वर्षांची. आता ती ३३ ची आहे आणि बहीण ८९ ची. चळवळीचे लोक प्रवासी स्त्रीला तिच्यासमोर उभं करतात. म्हातारीचे डोळे अधू झालेले. ती कुठल्याही कागदात नसलेली गोष्ट विचारते: निघायच्या दिवशी तू माझ्यावर का ओरडलीस? उत्तर बरोबर येतं. म्हातारी हाताने तिचा चेहरा चाचपते आणि म्हणते, "ताई, तू किती लहान गं." वेगामुळे वेळ मंद होते हे कालविस्ताराचं सूत्र वाचकाला समजावण्यासाठी याहून जास्त लिहावं लागत नाही.

एवढं होऊनही गटाचा प्रमुख तिला आत घेत नाही. खरी बहीणसुद्धा फितवली जाऊ शकते. तो तिला एकच काम देतो: एक पिशवी इथून तिथे न्यायची, आत काय आहे विचारायचं नाही. जी तारे ओलांडून आली तिला गल्ली ओलांडायचं काम मिळतं, आणि ते ती मान खाली घालून करते. ती लढ्यात सामील होते ती या ठिकाणी.

पायरी ६: ज्ञान खर्च करताना हिशेब ठेवा

प्रवासी भूतकाळातून आलेला असेल तर त्याची माहिती जुनी झालेली असते. बोगदे बुजलेले, नकाशे बदललेले. त्यातली कोणती अजून खरी, हे चळवळीतली माणसंच त्याला सांगू शकतात. इथे दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज लागते.

भविष्यातून आलेल्या प्रवाशाचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. त्याने इतिहास वाचलेला आहे. पण कोणी लिहिलेला? भूमिगत माणसं कागद ठेवत नाहीत, ठेवतात पोलीस. अशा चळवळींबद्दल पुढे जे कळतं त्यातला मोठा भाग गुप्तचरांचे अहवाल आणि खटल्यांची कागदपत्रं यांतूनच येतो. मग ज्याला प्रवासी फितूर समजून आला आहे, तो कदाचित शेवटपर्यंत प्रामाणिक होता आणि शत्रूच्या कागदाने त्याला बदनाम केलं. उलट ज्याचा पुढे पुतळा उभारला, त्यानेच नावं फोडली असतील. एकाच रेघेचा नियम पाळूनही कथेत इथे मोकळी जागा मिळते: जे नोंदलं गेलं नाही ते सगळं अजून घडायचं आहे.

माहिती वापरली की ती उघडी पडते. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांनी जर्मनांचे एनिग्मा या यंत्रावर सांकेतिक केलेले संदेश फोडले होते, पण शत्रूला संशय येऊ नये म्हणून जहाजांवर हल्ल्यापूर्वी टेहळणीचं विमान मुद्दाम दिसेल असं पाठवलं जाई. तुमच्या प्रवाशालाही प्रत्येक खऱ्या भाकितासाठी असं खोटं कारण रचावं लागेल, आणि कधी रचायला वेळ नसेल म्हणून जाणूनबुजून गप्प बसावं लागेल. तो गप्प बसलेला प्रसंग कथेत नक्की ठेवा.

पायरी ७: कृती आणि तिचा सूड

एकच मोठी कृती घ्या आणि तिची तयारी लांबवा. नाझींच्या ताब्यातल्या नॉर्वेत वेमोर्क इथला जड पाण्याचा (अणुसंशोधनात लागणाऱ्या खास पाण्याचा) कारखाना फेब्रुवारी १९४३ मध्ये उडवला गेला. आधी उतरवलेले चौघे ऑक्टोबरपासून पठारावरच्या बर्फात वाट बघत होते, अन्न संपल्यावर दगडफुलासारखी शैवाकं खाऊन राहिले. प्रत्यक्ष कामात एक गोळीही झाडली गेली नाही. वात पेटवणार तेवढ्यात तिथला रखवालदार म्हणाला, माझा चष्मा सापडत नाही. युद्धात नवा चष्मा मिळणं कठीण होतं. घातपात करायला आलेल्यांनी थांबून तो शोधून दिला. असा एक तपशील तुमच्या कथेत असला पाहिजे, आणि तो फक्त त्याच ग्रहावर घडू शकेल असा असला पाहिजे.

आणि किंमत लपवू नका. पुढच्या वर्षी उरलेलं जड पाणी नेणारी फेरीबोट बुडवली तेव्हा १४ नॉर्वेजियन माणसंही गेली. १९४२ मध्ये प्रागमध्ये हायड्रिख या बड्या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाल्यावर नाझींनी लिदित्से हे चेक गाव पुसून टाकलं, १७३ पुरुषांना गावातच गोळ्या घातल्या. तुमच्या कथेत भोंगा बंद पाडला तर कोणत्या वस्तीचा शिधा थांबेल? निर्णय घेणाऱ्यांना हे आधी माहीत हवं, आणि निर्णय त्यांनीच घेतला पाहिजे. प्रवाशाला त्या बैठकीत मत देऊ नका.

आवाजाचाही विचार करा. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ चालवला, जागा सतत बदलत, ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरच्या छाप्यापर्यंत. तीन महिनेही भरले नाहीत. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्यासाठीचं गुप्त प्रक्षेपण १९५५ पासून मुक्तीपर्यंत, सहा वर्षं जंगलातून केलं. आपल्या ग्रहावर खरी वेळ सांगणारा चोरटा आवाज हेच सगळ्यात मोठं हत्यार आहे, असं मला वाटतं.

पायरी ८: भाषा आणि हात फिरवणं

मसुदा झाला की दिवस-रात्रीवर उभे असलेले शब्द वेचून काढा: उद्या सकाळी, रात्रभर, उजाडलं, मावळतीला. त्या ग्रहावरचा माणूस 'पुढच्या ठिपक्याला भेटू' म्हणेल. मात्र यानातून आलेली स्त्री जुनं, पृथ्वीवरून आलेलं 'उद्या' वापरत राहील, आणि एखादा तरुण ते तिच्याकडून उचलेल. यंत्रांना जड संस्कृत नावं देऊ नका. रोज हाताळणारे लोक वस्तूला लहान, खडबडीत नावं देतात.

लिहिण्याचा क्रम असा ठेवा: आधी भोंगेवाल्याचा प्रसंग, मग दोन बहिणींचा, मग बैठकीचा, मग कृती. यानाचं आगमन सगळ्यात शेवटी लिहा आणि एका परिच्छेदात बसवा. दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर पात्रं पाचाच्या वर नेऊ नका, आणि उन्हाळ्यातच मसुदा पुरा करा, कारण संपादकांची निवड पावसाळ्यात सुरू झालेली असते. पाठवण्यापूर्वी १२, १८ आणि ३६ दिवसांचं पंचांग एका कागदावर मांडून प्रत्येक प्रसंगाची तारीख त्यावर लावून बघा. जिथे बैठक ठिपक्याविना भरली असेल तिथे प्रसंग हलवा.